कसा गेला ते आधी सांगा

सोलापूरच्या माणसाला पुण्याला जायचं असेल तर तो विचारतो, "हुतात्मा मिळेल का?" म्हणजे हुतात्मा एक्सप्रेस. कोर्टाची तारीख, मुलाचं ॲडमिशन, म्हातारीचे रिपोर्ट, काम काहीही असो, सकाळी हुतात्म्याने जायचं आणि रात्री हुतात्म्याने परत यायचं. "हुतात्मा चुकली", "हुतात्मा फुल्ल आहे", "आज हुतात्मा कुर्डुवाडीलाच रखडली" ही वाक्यं मी इतकी वर्षं ऐकत आणि बोलत आलोय की त्यातल्या शब्दाकडे कधी कान गेला नाही. तिकडे सांगली जिल्ह्यात वाळव्याकडे शेतकरी म्हणतो, "औंदा ऊस हुतात्म्याला घातला." म्हणजे हुतात्मा किसन अहीर साखर कारखान्याला. हुतात्म्याने पहिली उचल किती दिली, यावर पारावर वाद होतात.

मला यात अपमान दिसत नाही. उलट शब्द घरात वावरायला लागला, की तो असाच चपला घालून हिंडतो. माझी तक्रार दुसरीच आहे. जिथे तो चपला काढून, हात जोडून वापरला जातो, तिथे तो हल्ली काय काम करतो, ते मला खटकतं.

मी एका जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली. पान लावायची घाई, शेवटची बातमी तालुक्याहून आलेली, आणि मथळ्याला जागा एका कॉलमची. अशा वेळी 'शहीद' हा शब्द देवासारखा धावून येतो. तीन अक्षरं. 'कर्तव्यावर असताना अपघाती मृत्यू' बसत नाही, 'जवान शहीद' बसतं. खोटं कशाला सांगू, आमच्याकडे हा शब्द आदरापेक्षा मापामुळे जास्त रुजला. बाकीचं काम हिंदी वाहिन्यांच्या पट्टीने केलं. मराठी वर्तमानपत्रांत पूर्वी 'वीरमरण' असे, 'धारातीर्थी पडले' असे. तलवारीच्या धारेलाच तीर्थ म्हणणारा तो शब्द मला अजून आवडतो, पण तो तलवारीचाच आहे. सुरुंगाला आणि घाटात उलटलेल्या ट्रकला तो लावता येत नाही.

'शहीद' अरबीतून फारसीमार्गे आला, म्हणून नको, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. वकील, कायदा, अर्ज, हजर हे शब्द काढून टाकले तर आमच्या सोलापूरच्या कोर्टात उद्या सकाळी कुणाला तोंड उघडता येणार नाही. पण शब्दाची मुळाक्षरं काय सांगतात ते बघावं, कारण तिथे एक गंमत आहे. अरबीत 'शहीद' म्हणजे साक्षीदार. इंग्रजीतला 'मार्टर' ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचाही अर्थ साक्षीदारच. आणि ख्रिस्ती मराठीत यासाठी जो शब्द आहे तो या दोन्हींपेक्षा नेमका आहे: रक्तसाक्षी. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानमधल्या नागासाकीला क्रुसावर मारले गेले. १८६२ साली त्यांना संतपद मिळालं. त्यांच्यासाठी हा शब्द वापरला की तो चपखल बसतो. श्रद्धा सोडली असती तर जीव वाचला असता, ती सोडली नाही, म्हणून रक्ताने साक्ष दिली.

संस्कृतातून घेतलेल्या 'हुतात्मा' या शब्दात साक्षीदार नाही. तिथे होम आहे. 'हु' म्हणजे अग्नीत अर्पण करणे. हवन, आहुती, होम सगळे याच घरातले. ज्याने स्वतःलाच आहुती म्हणून दिलं तो हुतात्मा. हा शब्द मराठीत रुजवण्याचं श्रेय सावरकरांच्या भाषाशुद्धीला दिलं जातं. दिनांक, महापौर, हुतात्मा, अशी ती पंगत आहे. 'शहीद'ला पर्याय म्हणून आणलेल्या या शब्दाचा पुढचा प्रवास मात्र मोठा मजेशीर झाला. सोलापुरात तो अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांच्या नावामागे लागला. मुंबईत तो कम्युनिस्ट आणि समाजवाद्यांनी पुढे नेलेल्या संयुक्त महाराष्ट्र चळवळीच्या मृतांना मिळाला. आणि ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, सकाळी ११ वाजता राज्यभरच्या कचेऱ्यांत दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं, त्या दिवसाचं आपल्याकडचं नाव 'हुतात्मा दिन'. शब्द जन्माला घालणाऱ्याचं ऐकत बसत नाहीत, हे बरंच आहे.

पण होमाचं हे चित्र नीट डोळ्यांपुढे आणा. अग्नी आहे, तूप आहे, आणि पळी आहे. ती पळी कुणाच्या हातात आहे, यावर सगळं अवलंबून आहे. स्वतःच्या हाताने स्वतःला वाहिलं तर हुतात्मा. दुसऱ्याने कुणी वाहिलं तर त्याला मराठीत वेगळा, जुना, खणखणीत शब्द आहे: बळी. या दोन शब्दांमधलं अंतर आपण गेल्या काही वर्षांत बुजवत आणलंय, आणि त्याचा फायदा पळी धरणाऱ्याला होतोय, एवढंच मला म्हणायचं आहे.

काही ठिकाणी शंकाच नसते. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीला विदेशी कापडाच्या लॉरीपुढे बाबू गेनू उभा राहिला. मागे सरायला जागा होती. १९४२ च्या ९ सप्टेंबरला नंदुरबारच्या चौकात झेंडा धरलेला शिरीषकुमार पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा होता. झेंडा खाली ठेवून घरी जाता आलं असतं. २० जानेवारी १९४८ ला बिर्ला भवनात बाँब फुटल्यावर गांधीजींनी प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेऊ दिली नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त काठी असताना समोरच्याच्या रायफलीची नळी धरली आणि सोडली नाही. या चौघांचं राजकारण, काळ, गणवेश, काहीच जुळत नाही. एक ग्रामीण भागातून आलेला कामगार, एक शाळकरी पोर, एक महात्मा, एक सहायक फौजदार. जुळतं ते एवढंच की शेवटच्या क्षणी पळी त्यांच्याच हातात होती.

आता दुसरी बाजू.

१ मे २०१९. महाराष्ट्र दिन. आदल्या रात्री गडचिरोलीत कुरखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळलेली. तिकडे निघालेल्या शीघ्र कृती दलाची गाडी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने उडवली. १५ पोलीस गेले. गाडी खासगी होती, तिचा चालकही गेला. त्या रात्री डेस्कवर आम्ही जो मथळा केला तो माझ्या लक्षात आहे, कारण तो मीच केला होता: '१५ जवान शहीद', आणि खाली बारीक टायपात 'चालकाचाही मृत्यू'. एकाच गाडीत, एकाच सेकंदाला, एकाच सुरुंगाने सोळा माणसं गेली आणि आम्ही त्यांच्यासाठी दोन वेगळे शब्द वापरले. चालकाच्या अंगावर वर्दी नव्हती, एवढाच फरक.

तो मथळा आज आठवला की चालकाबद्दल वाईट वाटतंच. पण त्याहून वाईट त्या पंधरांबद्दल वाटतं. त्यांना 'शहीद' म्हटल्याबरोबर बातमी संपली. पुढे मानवंदना, पुष्पचक्र, गावोगावी बंद, 'अमर रहे'. नक्षलग्रस्त भागात रस्ता तपासल्याशिवाय गाडीने जायचं नाही, हा तिथला साधा शिरस्ता. मग एका खासगी गाडीत इतकी माणसं बसवून कुणी आणि का पाठवली? हा प्रश्न नंतर विचारला गेला, पण मानवंदनेच्या दिवशी तो विचारणं म्हणजे मयताच्या घरी वाटणीचं बोलणं झालं असतं. मारणारा नक्षलवादी होता, त्यात वाद नाही. पण त्याच्यापर्यंत त्यांना पोचवलं कुणी, हेही त्यांच्या मरणाचाच भाग आहे. 'शहीद' हा शब्द तो भाग अलगद पुसतो. तो उच्चारला की वाक्यात कर्ता लागत नाही. 'मारले गेले' म्हटलं तर कुणी, कसे, हे विचारावं लागतं. 'शहीद झाले' म्हटलं की जणू ते स्वतःच झाले, जसा माणूस निवृत्त होतो.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं. ज्या क्षणी त्याने वर्दी चढवली, त्याच क्षणी त्याने निवड केली; नंतर मरण कसं आलं याची चिकित्सा कशाला? हे उत्तर मला पूर्ण झटकता येत नाही. भरतीला धावणारी पोरं मी पाहिली आहेत. पहाटे चार वाजता बार्शी रोडच्या कडेने, अंगात बनियन, हातात मोबाईलचा टॉर्च. त्यांना काय पत्करतोय ते कळत नाही, असं म्हणणं त्यांचा उपमर्द आहे. पण त्यांनी शत्रूची गोळी पत्करलेली असते. गंजलेल्या पुलावरून कोसळणारी गाडी, वेळेवर न आलेलं हेलिकॉप्टर, कुणीतरी न तपासलेला रस्ता, हे त्यांनी पत्करलेलं नसतं. ते त्यांच्या वतीने दुसऱ्यांनी पत्करलेलं असतं.

आणि एक गोष्ट जी गावात सांगितली तर लोकांचा विश्वास बसत नाही. ज्या 'शहीद' दर्जासाठी मोर्चे निघतात, तो दर्जा सरकारदरबारी अस्तित्वातच नाही. डिसेंबर २०१५ मध्ये लोकसभेत गृह खात्याने स्पष्ट केलं की सैन्यदलातल्या कुणाच्याही मृत्यूसाठी संरक्षण मंत्रालय हा शब्द वापरत नाही, आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांसाठीही तो वापरला जात नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये लष्कराच्या मुख्यालयाने आपल्या कमांडना पत्र पाठवून कळवलं की 'मार्टर' म्हणू नका. त्या शब्दाचा अर्थ धर्म किंवा मतासाठी मरण पत्करणारा असा आहे, सैनिकाला तो लागू होत नाही. 'कारवाईत मारला गेला', 'देशासाठी सर्वोच्च त्याग केला' असं म्हणा. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना अधिकृत 'शहीद' घोषित करा, अशी याचिका दिल्ली उच्च न्यायालयापुढे गेली होती. २०१७ साली ती फेटाळली गेली. भगतसिंगांना त्याने काय फरक पडला? लोकांनी त्यांना शहीद-ए-आझम केलं ते कुठलं राजपत्र वाचून नव्हे.

सैन्याच्या कागदात शब्द दोनच: बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईतली हानी, आणि फिजिकल कॅज्युअल्टी, म्हणजे इतर कारणांनी झालेली. हे शब्द रुक्ष आहेत, पण ते एक प्रश्न विचारतात जो 'शहीद' विचारत नाही: कसा गेला? शत्रूच्या कारवाईत गेला तर कुटुंबाला उदारीकृत निवृत्तिवेतन, म्हणजे शेवटच्या पगाराइतकं. सेवेमुळे ओढवलेल्या अपघातात किंवा आजारात गेला तर विशेष निवृत्तिवेतन, शेवटच्या पगाराच्या ६० टक्के. सेवेशी संबंध नाही असं ठरलं तर साधं, म्हणजे मुळात ३० टक्के. सियाचीनसारख्या ठिकाणी हिमकडा कोसळून गेलेला सैनिक गोळी न लागताही पहिल्या गटात धरला जातो. म्हणजे विधवेच्या हातात दरमहा काय पडणार, हे चौकातल्या फ्लेक्सवर ठरत नाही. ते चौकशीच्या अहवालातल्या चार ओळींवर ठरतं: वेळ, जागा, काम, कारण.

२०२४ च्या जुलैत लोकसभेत अग्निवीरांवरून केवढा गदारोळ झाला! अग्निवीराला शहिदाचा दर्जा नाही, असं एक बाजू म्हणत होती. एक कोटी देतो की, असं दुसरी. दोघांचं भांडण त्या शब्दाभोवती रंगलं, आणि शब्दाला मान देण्यात कुणीच मागे नव्हतं. खरी मेख अशी की नेहमीच्या सैनिकाच्या कुटुंबाला जे आयुष्यभराचं निवृत्तिवेतन मिळतं, ते अग्निवीराच्या कुटुंबाला नाही. 'दर्जा' या धूसर शब्दाऐवजी 'पेन्शन' हा साधा शब्द घेऊन भांडले असते, तर निदान ऐकणाऱ्याला कळलं असतं की फरक नेमका कशात आहे.

डेस्कवरचीच एक आठवण सांगतो. शेजारच्या तालुक्यातला एक जवान सीमाभागात सैन्याची गाडी उलटून गेला. आमच्या वार्ताहराने चांगलं काम केलं होतं. गाडी कुठल्या वळणावर, किती वाजता, पाऊस होता, गाडीत किती जण होते, सगळं मिळवलं होतं. मी मथळा दिला, 'वाहन उलटून जवानाचा मृत्यू'. दुसऱ्या दिवशी त्याच्या चुलत्यांचा फोन. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "साहेब, बाकी सगळ्या पेपरात शहीद आलंय. तुमच्यातच मृत्यू आलाय. आमचं पोरगं काय एस्टीत बसून गेलं होतं का?" मी माफी मागितली. दुसऱ्या दिवशीच्या अंत्यविधीच्या बातमीत पहिल्या ओळीपासून 'शहीद' घातलं, आणि गाडी, वळण, पाऊस सगळं काढून टाकलं. कारण त्या शब्दाशेजारी ते शोभत नव्हतं.

दीड-दोन वर्षांनी ते चुलते मला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाहेर भेटले. काखेत प्लास्टिकच्या पिशवीत फाइल. मला त्यांनी ओळखलं, चहा पाजला. मग म्हणाले, "ती तुमची पहिल्या दिवशीची बातमी हाय का हो? त्यात गाडी कुठं उलटली ते समदं व्हतं." त्या कात्रणाचा सरकारी कामात काडीचा उपयोग नव्हता, ते त्यांना ठाऊक होतं, मलाही. त्यांना ते घरात ठेवायला हवं होतं. पोरगं नेमकं कसं गेलं, हे लिहिलेला मराठीतला तेवढा एकच कागद होता. मी त्यांना तो शोधून पाठवला. दुसऱ्या दिवशीची बातमी त्यांनी मागितली नाही.

म्हणून घरच्यांना 'शहीद' शब्द हवा असतो, त्यांच्यावर का रागावता, असं कुणी मला म्हणालं तर मी म्हणेन, अजिबात रागावत नाही. आईला, बायकोला जो शब्द धीर देतो तो त्यांचाच. त्यांनी तो मागावा, द्यावा, दगडावर कोरावा. माझं भांडण त्या शब्दाच्या आडोशाला उभं राहणाऱ्यांशी आहे. मंत्री पुष्पचक्र वाहून गाडीत बसतो आणि पत्रकाराने 'चौकशी?' म्हटलं की 'शहिदांचं राजकारण करू नका' म्हणतो, त्या मंत्र्याशी. आणि त्याला तो आडोसा तीन अक्षरांत बांधून देणाऱ्या आमच्या डेस्कशी.

आता माझ्याच मांडणीला एक मोठी अडचण आहे, आणि ती मुंबईत फ्लोरा फाउंटनला उभी आहे: हुतात्मा स्मारक. कामगार आणि शेतकरी, दोघांच्या हातात एकच मशाल. २१ नोव्हेंबर १९५५ ला तिथे गोळीबार झाला, पंधरा माणसं पडली. मुंबई केंद्रशासित होणार असं जाहीर झाल्यावर जानेवारी १९५६ मध्ये गिरणगावात, गिरगावात, सगळीकडे गोळ्या चालल्या. आकडा कुणी १०५ सांगतं, कुणी १०६, कुणी १०७. त्या यादीतली नावं एकदा शांतपणे वाचावीत. सीताराम बनाजी पवार. जोसेफ डेव्हिड पेजारकर. चिमणलाल डी. शेठ. मुंबई मराठी राज्याला मिळावी म्हणून झालेल्या लढ्याच्या हुतात्म्यांत एक चिमणलाल शेठ आहे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ती ओळ पुन्हा वाचली होती.

यादीतला प्रत्येक जण छाती पुढे करून गेला होता का? पोलिसांची गोळी गर्दीत शिरते तेव्हा ती घोषणा देणारा आणि दूध आणायला निघालेला यांत निवड करत नाही. माझी पळीची कसोटी लावली तर त्यातल्या काहींना हुतात्मा म्हणता येणार नाही, बळी म्हणावं लागेल. आणि तरीही मला त्या यादीतलं एकही नाव काढवत नाही. का, याचा मी बराच विचार केलाय.

मला वाटतं, फरक असा आहे: १९५६ साली 'हुतात्मा' हा शब्द आरोप होता. तो म्हणताना प्रत्येकाला ठाऊक होतं की गोळी कुणी झाडली आणि मुख्यमंत्री कोण होता. मोरारजी देसाई हे नाव त्या शब्दाला चिकटूनच यायचं. चळवळीने त्या सगळ्या मृतांना पोटाशी घेतलं, घोषणा देणाऱ्यालाही आणि दूध आणायला निघालेल्यालाही, आणि त्यांच्या नावाने सरकारला पाच वर्षं जाब विचारला. शब्दाने प्रश्न संपवला नाही, पेटता ठेवला. आज तिथे १ मे ला मंत्री येतात, पोलीस सलामी देतात. ज्यांच्या खात्याच्या गोळीने ती माणसं गेली त्याच खात्याची सलामी. ती चुकीची आहे असं नाही. पण त्या सलामीच्या वेळी गोळी कुणाची, हे कुणाच्या मनातही येत नाही, इतका तो शब्द आता गुळगुळीत झालाय.

सोलापूरचंही तसंच. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर उसळलं, गोळीबार झाला, मार्शल लॉ लागला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. आणि कुर्बान हुसेन तर आमच्याच धंद्यातले, 'गझनफर' नावाचं पत्र चालवणारे. गाडीला नाव यांचंच आहे. आता थोडा वेळ त्या दंग्यात गेलेल्या पोलिसांचा विचार करा. तेही इथलेच, पगारावर आलेले. दर वर्षी २१ ऑक्टोबरला पोलीस हुतात्मा दिन पाळतात, तो १९५९ साली लडाखमध्ये चिनी सैन्याने मारलेल्या १० जवानांच्या स्मरणार्थ. आजच्या मोजमापाने ते १९३० चे पोलीसही 'कर्तव्यावर असताना शहीद' ठरतील. मारले म्हणून ज्यांना फाशी झालं ते हुतात्मे, आणि मेले तेही हुतात्मे. शब्द एकच राहिला तर इतिहासच सांगता येत नाही. कोण कुणाच्या बाजूने, कशासाठी उभा होता, हे सांगायला बसलं तरच त्यातून वाट निघते.

आणि ज्यांना हा शब्द कधीच मिळत नाही त्यांचं काय? गटारात उतरलेला सफाई कामगार. त्याच्या बातमीचा मथळा ठरलेला: 'चेंबरमध्ये गुदमरून तिघांचा मृत्यू'. किती तुच्छ वाटतो ना तो मथळा, 'शहीद'च्या शेजारी? पण बघा, त्यात सगळं आहे. जागा आहे, कारण आहे. त्या कारणावर बोट ठेवूनच माणसाकडून मैला साफ करून घ्यायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूमागे १० लाख द्यायला लावले, आणि २०२३ साली ते ३० लाख केले. त्यांना कुणी 'स्वच्छता शहीद' वगैरे करून टाकलं असतं, तर पुतळा झाला असता, आणि चेंबरमध्ये माणूस उतरवणाऱ्या ठेकेदाराने त्याला हार घातला असता.

आमच्या गावात मारुतीच्या देवळामागे एक वीरगळ आहे. या भागात असे दगड गावोगाव सापडतात. शब्दही कानडीच्या शेजारचा, वीर आणि कल्लू, म्हणजे वीराचा दगड. त्यावर कप्पे असतात आणि ते खालून वर वाचायचे. सगळ्यात खाली तो कसा मेला: लढाई, किंवा गावची गुरं पळवणाऱ्यांशी झटापट. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या. त्याच्या वर तो शिवलिंगापुढे बसलेला. माथ्यावर कलश, चंद्र-सूर्य. क्रम ठरलेला आहे. स्वर्ग दुसऱ्या मजल्यावर सुरू होतो.

लहानपणी आम्ही त्या दगडाला देव समजून पाया पडायचो. त्याला शेंदूर लावलेला, अमावास्येला तेल. वरचे दोन कप्पे चांगले दिसायचे, खाली माती. गेल्या दिवाळीत गेलो होतो तेव्हा देवळाच्या भिंतीला शहीद जवानाचा फ्लेक्स लागलेला होता, उन्हाने अर्धा पांढरा पडलेला. फोटो, तिरंगा, 'अमर रहे', आणि खाली शुभेच्छुकांचे बारा पासपोर्ट फोटो. कुठे, कसा, एक शब्द नाही. पुतण्याला म्हटलं, खुरपं आण. तो म्हणाला, काका, देवाला खुरपं लावता? पण आणलं. वीतभर माती काढली तेव्हा आधी शिंगं लागली, मग एक पाठ, मग खूर. दगडातल्या गाई. पोरांनी वाकून मोजल्या, तीन भरल्या. चौथीचं नुसतंच शेपूट होतं, बाकीचा दगड फुटलेला.